मध्यस्थ गैरहजर असल्यास

धर्माबाद,
६ ऑक्टोबर

अपूर्वाताई,

काकांना नमस्कार, तुला नुसतंच पत्र. पोचलो. फोनवरच सांगणार होतो, पण निघताना तू दम दिलास, 'तुझा एक व्हॉइस मेसेज ऐकेपर्यंत माझा डबा संपतो, कागदावर लिही, कागद फाइलला तरी लावता येतो.' म्हणून लिहून राहिलो. इथून रोज संध्याकाळी लातूरला पार्सलची गाडी जाते. ड्रायव्हरच्या हातात पाकीट दिलं की सकाळी तुझ्या ऑफिसात.

आधी गावाचं सांगतो. इथं मिरची दळायच्या गिरण्या आहेत आणि हवेतच तिखट आहे. स्टँडवर उतरलो ते शिंकतच. चहावाला म्हणाला, "नवीन दिसता." म्हटलं, कशावरून? तर म्हणे, "इथले शिंकत न्हाईत."

आता कामाचं. दुकानाचं नाव रामलिंग-शिवमूर्ती पार्सल सर्व्हिस. दोघं सख्खे भाऊ. मोठे रामलिंगअप्पा रस्त्याकडं तोंड करून बसतात, धाकटे शिवमूर्तीअण्णा गोदामाकडं. गादी एकच, पाठीला पाठ, मधे एक लोड. बाजूला वेताची जुनी खुर्ची आहे, तिच्यावर मला बसवलं.

यांच्या सॉफ्टवेअरसाठी तू दिलेल्या कागदातला पहिला प्रश्न विचारला. गाडीत जागा कमी आणि माल जास्त असला तर आधी कोणता चढवायचा? अप्पा म्हणाले, "आधी आला तो आधी." लिहिलं. मागून अण्णा म्हणाले, "नासणारा आधी. फुलं, भाजी, औषधं." अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, गिऱ्हाईक समदे सारखे." 'तो' वीतभर अंतरावर बसलेला! मला वाटलं गंमत चालली, मी हसलो. कुणीच हसलं नाही. मग मी मान वळवून अण्णांना तेच सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्याला म्हणावं, सडलेला झेंडू तुझ्या घरी आणून टाकतो."

हे असं दिवसभर. तुझ्या कागदावर एकाच प्रश्नाला दोन-दोन उत्तरं झालीत. खरं कोणतं धरू?

आणि आपलं ठरलंय ते विसरू नको. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की मी मोकळा. बजरंगच्या मधमाश्यांच्या पेट्या वीस नोव्हेंबरला सकाळी नांदेडहून राजस्थानला निघतात, मोहरीच्या फुलांवर. ट्रकमध्ये माझी जागा धरली आहे. माश्यांना पण दर दोन महिन्यांनी गाव बदलावं लागतं. काकांना हे सांगू नको.

अनिमेष

लातूर,
९ ऑक्टोबर

प्रिय अनिमेष,

तुझं पत्र सरांच्या समोर उघडलं ही चूक झाली. झेंडूपाशी मला हसू आवरेना.

खरं कोणतं, हे तू ठरवायचंच नाही. जे ठरलेलं नाही त्याच्यापुढं 'ठरायचं आहे' असं स्वच्छ लिही. आणि शेजारी लिही की ते कोण ठरवणार, कधीपर्यंत, आणि तोवर आपण काय धरून चालायचं. बस. मोकळी जागा दिसली की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात शिवशिवतो, काहीतरी ठोकून द्यावंसं वाटतं. मागच्या वर्षी एका वसतिगृहाचं काम होतं. मुलगी रात्री हजर नसली तर बापाच्या फोनवर मेसेज जावा, असं आम्हीच परस्पर धरलं. निम्मे बाप ऊसतोडीला, फोन बंद. कुणी विचारलंच नव्हतं. कागदावर ती ओळ माझ्या अक्षरातली होती. सर अजून माझ्याकडं त्याच नजरेनं बघतात. हे काम बिघडलं तर मला काढतील, हे तुला सांगून ठेवते, म्हणजे मधेच कुठं निघून जाणार नाहीस.

आणखी एक. कसं असावं ते लिहू नको. कसं चाललंय ते लिही. कोण कुणाला काय सांगतं, मग काय होतं, जसंच्या तसं.

बाबा सारखे सांगत असतात, पोरगं नोकरीला लागलं. शेजारच्या विनीतावहिनींना पेढे देऊन आले. मी अडवलं नाही.

अपूर्वा

धर्माबाद,
१५ ऑक्टोबर

ताई,

पेढे कशाला दिले? आता मी निघालो तर ते पेढे परत मागणार का काका?

मोठी बातमी आहे, पण आधी हे ऐक. काल दुपारी तुला हे पत्र लिहायला बसलो. दुकानात लिहू देत नाहीत, दर ओळीला "अनिमेष, त्याला सांग." म्हणून वेताची खुर्ची उचलली आणि गोदामाच्या मागं कडुलिंबाखाली नेऊन बसलो. एक पान लिहून होत नाही तोवर मलप्पा हमाल पळत आला. "मालक, चला, दुकान बंद पडलंय." जाऊन बघतो तर गाडी अर्धी भरलेली, हमाल बिड्या ओढतायत आणि दोघं भाऊ पाठीला पाठ लावून चूप. अप्पांच्या पुढ्यात गिऱ्हाईक उभं, अण्णांच्या पुढ्यात ड्रायव्हर उभा. मी खुर्ची जागेवर ठेवली, बसलो, आणि घड्याळाला चावी दिल्यासारखं सगळं सुरू झालं. माझ्यावाचून पान हलत नाही म्हणतात ते हे. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, आणि मला घाम फुटला.

आता बातमी. अप्पांच्या बायकोला, सिंधुकाकूला विचारलं, हे कधीपासून बोलत नाहीत? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माझं लगीन होऊन मी आले तवाच बोलत नव्हते की. लग्नात अक्षता टाकायला पण धाकट्याला दुसऱ्यानं सांगितलं." कारण? "बोर्डावर कुणाचं नाव आधी, असं म्हणतेत. खरं काय ते दोघांच्या बी ध्यानात नसंल आता."

मग एवढी वर्षं दुकान चाललं कसं? तर इथं शरणप्पा म्हणून मुनीम होते. ती वेताची खुर्ची त्यांची. जन्मभर ते हिकडचं तिकडं सांगत बसले. शिवरात्रीला वारले. त्यानंतर दुकानाची वाचाच गेली. मग एक जण येऊन सांगून गेला की कॉम्प्युटर घेतला की सगळ्यांना सगळं आपोआप कळतं, बोलायची गरजच नाही. दोघांनी लगेच हो म्हटलं.

ताई, यांना पार्सलचं सॉफ्टवेअर नको आहे. यांना शरणप्पा पाहिजे आहे.

रविवारी गोदावरीच्या पुलावर जाऊन यायचं मनात होतं. पलीकडं तेलंगण दिसतं म्हणे. अण्णा म्हणाले, पुढच्या रविवारी.

अनिमेष

लातूर,
१८ ऑक्टोबर

प्रिय अनिमेष,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्या ऑफिसात इतक्या वर्षांत कुणी इतकं खरं लिहून आणलेलं नाही. लोक येतात, मागतात एक, हवं असतं दुसरं, आणि आपण मागितलेलं बांधून देतो.

आता असं कर. प्रत्येक गोष्टीची आकृती काढ. माल आला, की कोण कुणाला सांगतं, मग पुढं कुठं जातं. बाणाबाणानं. सुंदर नको, खरी काढ.

दिवाळीला ये. बाबांनी तुझ्यासाठी सदरा आणलाय. रंग तुला आवडणार नाही, तरी घाल.

अपूर्वा

धर्माबाद,
३० ऑक्टोबर

ताई,

आलो नाही म्हणून रागावलीस ना? मला पण यायचं होतं. पिशवी भरली होती. लक्ष्मीपूजनाला दुकानात दोघं एकाच पाटासमोर बसतात, आणि "त्याला म्हणावं, आता फूल वाहा" हे कोण सांगणार? पाडव्याला सकाळी निघतो म्हटलं तर अप्पा म्हणाले, "पाडव्याला गाडीची पूजा." भाऊबीजेला तुझी आठवण काढून सिंधुकाकूनं ओवाळलं. मी ताटाकडं बघत बसलो.

गोदामावरच्या खोलीत झोपतो. खिडकी आहे, पण तिच्यासमोर पोत्यांची थप्पी. पूल अजून बघितला नाही. एसटी जाताना ऐकू येते, तेवढीच.

आकृत्या सोबत जोडल्यात. सगळ्या सारख्याच निघाल्या. अप्पा, बाण, मी, बाण, अण्णा. परत अण्णा, बाण, मी, बाण, अप्पा. पोत्याला भोक पडलं तरी मधे मी, ड्रायव्हरला सुट्टी पाहिजे तरी मधे मी. अण्णांच्या मुलीला, उज्वलाला, बघायला पाहुणे येणार होते तेव्हा चहा कोणत्या घरी करायचा, तरी मधे मीच.

एक गोष्ट आकृतीत काढता आली नाही. मी आता जसंच्या तसं सांगत नाही. अण्णा म्हणाले, "त्याला म्हणावं, अक्कल हाय का?" मी अप्पांना सांगितलं, "अण्णा म्हणतात एकदा विचार करून बघा." अप्पा म्हणाले, "बरं. त्याचंच खरं." अण्णांना ऐकू आलं नसेल असं कसं होईल? वीतभर अंतर. पण माझ्या तोंडून आल्याशिवाय ते त्यांच्या कानाला चालत नाही. शरणप्पा पण असंच कमी तिखट करून सांगत असतील का?

दुसरी गोष्ट. 'ठरायचं आहे' संपतच नाही. माल कोणता आधी चढवायचा ते मी शेवटी ठरवून घेतलं. औषधं आधी, बाकी आल्या क्रमानं, दोघं कबूल. मी खूश. संध्याकाळी अप्पा म्हणाले, "पण सणाच्या दिवशी कसं, ते न्हाई ठरलं." अण्णा लगेच म्हणाले, "पावसात बी." एक मोकळी जागा भरली की दोन उघडतात. मला वाटतं मुद्दाम करतात. कागद संपला की मी जाणार हे दोघांना माहीत आहे, आणि या एका गोष्टीत त्यांचं न बोलता जमलंय.

बजरंगचा फोन आला होता. वीस तारखेची सकाळ पक्की. थांबणार नाही म्हणाला, माश्या थांबत नाहीत.

मला सोडव.

अनिमेष

लातूर,
७ नोव्हेंबर

प्रिय अनिमेष,

सोबत पक्का कागद पाठवत आहे. सणाचं, पावसाचं, सगळं आत घेतलं. जे ठरत नाही त्याच्यासाठी एकच नियम केला, की तेव्हा जे चाललंय तेच चालू राहील. तुझ्या आकृत्यांत जिथं जिथं 'मी' होतं तिथं 'मध्यस्थ' असा शब्द घातला. ऑफिसच्या कागदात 'मी' चालत नाही.

सर खूश आहेत. सह्या घे आणि सुट.

अपूर्वा

धर्माबाद,
११ नोव्हेंबर

ताई,

सह्या झाल्या. लगेच झाल्या. ज्या माणसांनी महिनाभर एका झेंडूवर मला नाचवलं त्यांनी सगळी पानं वाचून काढली, अप्पांनी सही केली, पेन माझ्या हातात दिलं, मी ते अण्णांच्या हातात दिलं, अण्णांनी सही केली. सिंधुकाकूनं साखर वाटली. मी खोलीवर जाऊन पिशवी भरली.

खाली आलो तर मलप्पा शिडी घेऊन उभा. "तुमच्या खोलीला रंग द्यायचाय. कोणता देऊ?"

म्हटलं, कशाला? मी चाललो.

अप्पा म्हणाले, "त्याला सांग, हे चाललो म्हणून राहिलंय." एवढे दिवस मी दुसऱ्याचं सांगत होतो, आता माझंच मला सांगायचं. अण्णांनी कागद काढून पान उलटलं आणि बोट ठेवलं. 'मध्यस्थ कामाच्या वेळेत आपल्या जागेवर उपलब्ध असेल.' दुसरं पान. 'मध्यस्थाने कळवल्याशिवाय निर्णय अंतिम मानला जाणार नाही.' म्हणाले, "बाकीचं सॉफ्टवेअर सावकाश येऊ दे. हे तेवढं पाहिजे होतं. मध्यस्थ म्हंजे तूच की."

अप्पा मागून म्हणाले, "त्याला म्हणावं, बरोबर हाय."

दोघांचं एकमत झालं, ताई. माझ्यावर.

दुपारी तुमच्या सरांचा फोन. म्हणे, गिऱ्हाईक फार समाधानी आहे, वर्षभर तुम्हीच राहा, आमच्याच कामाचा भाग समजा. वर्षभर! कागदावर शब्द तुझा आहे. तू माझी अक्षरं लहानपणापासून वाचतेस. मधे 'मी' लिहिलेलं होतं, प्रत्येक पानावर 'मी'. तुला कळलं नाही?

अनिमेष

लातूर,
१४ नोव्हेंबर

प्रिय अनिमेष,

कळलं होतं.

लिहितानाच कळलं होतं. दोन दिवस कागद टेबलावर ठेवला. 'मध्यस्थ' काढला तर त्यात काहीच उरत नव्हतं, आणि ते खोटं झालं असतं. ठेवला तर तू अडकणार. सर रोज विचारत होते. इकडं बाबा रोज संध्याकाळी म्हणत होते, "अनिमेष एका जागी टिकला, बरं झालं." मग मी पाठवून दिला. मनात आलं, काय वाईट आहे? जेवण आहे, माणसं आहेत. मी पण एका खुर्चीवरच बसते ना. पुण्याहून नोकरीसाठी परत विचारणा आली होती, बाबांकडं कोण बघणार म्हणून मी उत्तरच दिलं नाही. तूही तसाच बसावास असं वाटलं असेल मला. हे लिहिताना बरं वाटत नाही.

पण तू शेवटचं पान वाचलं नाहीस. तू कधीच शेवटपर्यंत काही वाचत नाहीस, शाळेत पण असंच केलंस. तिथं एक ओळ मी मोकळी ठेवली आहे. सरांच्या नजरेतून सुटली, त्या दोघांच्याही.

'मध्यस्थ गैरहजर असल्यास : ठरायचं आहे. कोण ठरवणार : अनिमेष. कधीपर्यंत : १९ नोव्हेंबर.'

त्या ओळीखाली पण सह्या आहेत. मनानं भरू नको. बघ काय होतं, आणि ते लिही.

अपूर्वा

नांदेड,
१९ नोव्हेंबर

ताई,

हे पाकीट पार्सलच्या गाडीनं नाही, एसटीनं येईल. स्टँडवर बसून लिहितोय.

आज सकाळी सिंधुकाकूला सांगितलं, एक दिवस बसणार नाही, बघायचं आहे. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. एका दिवसासाठी कुणी एवढ्या दशम्या देत नाही.

मागच्या दारानं गोदामात शिरलो आणि मिरचीच्या पोत्यांमागं उभा राहिलो. मधे पत्र्याची भिंत आहे, सगळं ऐकू येतं. फटीतून दिसतं पण. दोघं आले, बसले. पाठीला पाठ. खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक आलं, थांबलं. ड्रायव्हर आला, थांबला. मला वाटलं, झालं. कडुलिंबाच्या दिवसासारखंच होणार. आता कुणीतरी मला शोधायला येणार आणि मी आपणहून जाऊन बसणार. खरं सांगतो, माझे पाय तिकडं वळले पण होते.

तेवढ्यात अप्पांनी मान वळवली. खुर्चीकडं. आणि म्हणाले, "अनिमेष, त्याला सांग, नांदेडची पोती आधी घे म्हणावं."

खुर्चीवर कुणी नाही, ताई!

अण्णांनी पण मान वळवली. खुर्चीकडंच. "अनिमेष, त्याला म्हणावं, औषधं चढली की घेतो."

मलप्पा हसला नाही. ड्रायव्हर हसला नाही. पोती चढायला लागली. त्या दिवशी मी गेल्यामुळं दुकान बंद पडलं नव्हतं. मी खुर्ची घेऊन गेलो होतो, म्हणून पडलं होतं.

मी उभाच. मोकळा झालो म्हणून नाचावंसं वाटायला पाहिजे होतं. ते काही वाटेना. थोड्या वेळानं गिऱ्हाईक गेलं. मग अप्पा खुर्चीला म्हणाले,

"अनिमेष, त्याला विचार, पोरगं गेलं का?"

"सांग त्याला, गेलं वाटतं. परवापासनं पिशवी भरून ठेवलती."

"म्हणावं, जेवून तरी गेलं का?"

अण्णांना माहीत नव्हतं. अप्पा खुर्चीकडं बघत राहिले, उत्तर येईल म्हणून. माझ्या अगदी तोंडापर्यंत आलं होतं, की अप्पा, काकूनं दशम्या दिल्यात. एक वाक्य. पण ते बोललो असतो तर आतून येऊन बसलो असतो, आणि खोलीला रंग निळा दे म्हणून सांगितलं असतं. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तोंड दाबल्यावर ध्यानात आलं की मी मघापासून मिरचीच्या पोत्याला नाक लावून उभा आहे आणि मला शिंक आलेली नाही.

मग मी निघालो. पळालोच म्हण.

गोदावरीचा पूल आजही बघितला नाही. नांदेडची गाडी लागली होती, चढलो. उद्या सकाळी बजरंग इथूनच उचलतो. काकांना पेढ्यांचं काय सांगायचं ते तू ठरव. त्या दोघांना जेवणाचं कळव, एवढं माझं कर. पोस्टकार्ड टाक, पण दोघांच्या नावानं टाकू नको, खुर्चीवर ठेवायला सांग.

आणि ओळ भरून पाठवतो. मी बघून लिहिली आहे, धरून चालून नाही.

'मध्यस्थ गैरहजर असल्यास : खुर्ची जागेवर असावी. ती कुणी हलवू नये.'

सरांना दे. आणि ताई, एक दिवस तुझी लातूरची खुर्ची पण रिकामी ठेवून बघ. मागच्या दारात उभी राहा, काका काय बोलतात ते ऐक. तोंड मात्र दोन्ही हातांनी दाबून धर.

अनिमेष